आईला रिहॅबचे १०० दिवस मिळणार होते, मग मेडिकेअर अठराव्या दिवशीच बंद कसं होतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ७८ वर्षांच्या, सहा वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला आल्या, गेल्या वर्षी तुम्ही त्यांना हप्ता भरून मेडिकेअर, म्हणजे वयस्कर लोकांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्यविमा, घेऊन दिलं. बाथरूममधे पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पाच रात्री हॉस्पिटलमधे होत्या आणि तिथून नर्सिंग होममधे (इथे म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना ठेवून सांभाळणारी संस्था) रिहॅबला, म्हणजे परत चालतंफिरतं करायच्या उपचारांना, पाठवलं. आज सोळावा दिवस, आणि तिथल्या सोशल वर्करने हातात एक कागद दिलाय की शुक्रवार हा कव्हरेजचा शेवटचा दिवस. आई अजून एकट्या संडासला जाऊ शकत नाहीत. तुम्ही विचारताय की १०० दिवसांचं काय झालं, हे लोक पैशासाठी बाहेर काढतायत का, आणि पुढचा खर्च मेडिकेड, म्हणजे उत्पन्न-मालमत्ता कमी असलेल्यांसाठीची सरकारी योजना, देईल का.

मी इथल्या नर्सिंग होम्समधे बरीच वर्षं नर्स होते आणि आता एमडीएस कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे पेशंटची असेसमेंट भरून सरकारला पाठवायची, जिच्यावर नर्सिंग होमचा रोजचा दर ठरतो, ते काम माझं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी रोज बघते. आधी घाईचं सांगते, कारण बाकी सगळं उद्या वाचलं तरी चालेल.

तो कागद म्हणजे कव्हरेज संपत असल्याची नोटीस, आणि ती किमान दोन दिवस आधी द्यावीच लागते. तिच्यावर एक फोन नंबर आहे, तो नर्सिंग होमचा नाही, मेडिकेअरने नेमलेल्या स्वतंत्र तपासणी संस्थेचा आहे. शेवटचा दिवस शुक्रवार असेल तर गुरुवारी दुपारी १२ च्या आत तिथे फोन करून 'फास्ट अपील' मागायचं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. नोटिशीवर सही केली म्हणजे मान्य केलं असं होत नाही, सही फक्त कागद मिळाल्याची असते, तेव्हा सही झाली म्हणून गप्प बसू नका. वेळ टळली तरी अपीलचा रस्ता असतो पण तो लांबचा, आणि तोवर बिल चढत राहतं.

आता १०० दिवसांचं. मेडिकेअर नर्सिंग होममधे राहण्याचे पैसे देतच नाही, ते देतं बरं होण्याच्या उपचाराचे, म्हणजे रोज नर्सची किंवा थेरपिस्टची कुशल सेवा लागतेय तोवरच. १०० दिवस ही वरची मर्यादा आहे, हक्काचा कोटा नाही, आणि हॉस्पिटलमधून निघताना डिस्चार्जवाले घाईघाईत '१०० दिवस मिळतात' एवढंच बोलून जातात म्हणून प्रत्येक घरात हाच गैरसमज होतो. पहिले २० दिवस पूर्ण पैसे मेडिकेअर देतं, २१ ते १०० या दिवसांना पेशंटने रोजचा ठराविक वाटा द्यायचा, २०२५ साली तो दिवसाला २०९.५० डॉलर होता आणि दर जानेवारीत बदलतो. सप्लिमेंट म्हणजे मेडिगॅप, मेडिकेअरवरची जोड पॉलिसी असेल तर बहुतेक प्लॅन हा वाटा उचलतात. ती नसेल तर महिन्याला सहा हजार डॉलरच्या वर तुमच्या खिशातून, हे आत्ताच डोक्यात घेऊन ठेवा.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी एक, कारण यात फार लोक फसतात. हे कव्हरेज मिळायला हॉस्पिटलमधे 'इनपेशंट' म्हणून सलग तीन दिवस भरावे लागतात, डिस्चार्जचा दिवस धरत नाहीत. पेशंट चार रात्री हॉस्पिटलच्याच कॉटवर असतो, सलाइन चालू असतं, पण कागदावर 'ऑब्झर्व्हेशन', म्हणजे ॲडमिट नाही, नुसतं लक्ष ठेवलंय, असं लिहिलेलं असतं, आणि मग नर्सिंग होमचं सगळं बिल घरच्यांवर येतं. आईवडील ॲडमिट असतील तर रोज सकाळी विचारा, इनपेशंट आहेत की ऑब्झर्व्हेशनवर. तुमच्या आईंचं ऑपरेशन झालंय आणि मेडिकेअरने आत्तापर्यंत पैसे दिलेत म्हणजे तो अडथळा तुम्ही ओलांडलाय.

तुम्ही जे लिहिलं नाहीत आणि ज्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे ते म्हणजे आईंकडे थेट सरकारचं साधं ओरिजिनल मेडिकेअर आहे की खासगी इन्शुरन्स कंपनीमार्फतचा ॲडव्हान्टेज प्लॅन. पाकिटातलं कार्ड बघा. लाल-पांढरं-निळं सरकारी कार्डच सगळीकडे दाखवता का एखाद्या इन्शुरन्स कंपनीचं? कारण कव्हरेज थांबवायचा निर्णय कोणी घेतला हे त्यावरून कळतं. ॲडव्हान्टेज असेल तर सरकार त्या कंपनीला दर माणशी दर महिन्याला ठरलेली रक्कम देऊन मोकळं होतं, पुढे नर्सिंग होमचा प्रत्येक दिवस कंपनीच्या खिशातून जातो, त्यामुळे थोड्या थोड्या दिवसांची मंजुरी देत बसतात आणि कुठेतरी लांब ऑफिसात बसलेला माणूस कागद बघून 'पुरे' म्हणतो. तशा केसमधे नर्सिंग होमशी भांडण्यात अर्थच नाही, बऱ्याचदा तिथली थेरपिस्ट तुमच्याच बाजूने असते. ओरिजिनल असेल तर मात्र निर्णय नर्सिंग होमनेच घेतलेला असतो.

मग पैशासाठी करतायत का? सरळ हो किंवा नाही म्हणणं बरोबर होणार नाही, पैसे कसे मिळतात ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

१९९८ पासून मेडिकेअर नर्सिंग होमला झालेल्या खर्चाप्रमाणे नाही तर दिवसाला आधीच ठरलेल्या दराने पैसे देतं. तो दर सगळ्यांना एक नसतो. २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत असं होतं की थेरपीची मिनिटं जितकी जास्त तितका दर जास्त, आठवड्याला ७२० मिनिटं झाली की सगळ्यात वरची पायरी, आणि खरंच अनेक ठिकाणी थकलेल्या आजीआजोबांना ती मिनिटं भरेपर्यंत चालवत ठेवायचे. १ ऑक्टोबर २०१९ पासून पीडीपीएम नावाची नवी पद्धत आली. आता मिनिटं कोणी मोजत नाही, पेशंट कसा आहे ते बघतात: फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, बोलणं-गिळणं, नर्सिंग, आणि औषधं-ड्रेसिंग वगैरे, असे पाच भाग, प्रत्येकाचा वेगळा हिशोब आणि वर राहण्याजेवण्याचा ठराविक दर. त्यातली खोच अशी की औषधांच्या भागाचे पहिले तीन दिवस तिप्पट पैसे मिळतात, आणि फिजिओ नि ऑक्युपेशनल थेरपीचा दर विसाव्या दिवसानंतर दर आठवड्याला २ टक्क्यांनी उतरत जातो. थेरपी जास्त दिली म्हणून जास्त पैसे मिळत नाहीत. त्यात एकविसाव्या दिवसापासून रोजचे दोनशे डॉलर सरकारऐवजी तुमच्याकडून वसूल करायचे असतात, आणि सप्लिमेंट नसलेल्या कुटुंबाकडून ते येतील याची ऑफिसला खात्री नसते. हे सगळं एकाच ठिकाणी येतं, विसाव्या दिवसाच्या आसपास. माझ्या कामात नोटिसा त्या सुमाराला जास्त दिसतात. कोणी मुद्दाम वाईट वागतं असं मी म्हणत नाही, माझ्याबरोबरच्या थेरपिस्ट जीव तोडून काम करतात, पण पैशाचा उतार ज्या बाजूला असतो तिकडे निर्णय घसरतात आणि घरच्यांनी धरून ठेवलं नाही तर ते घसरतच जातात.

आता असेसमेंट, जिथे आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि कोणी सांगत नाही. पहिल्या काही दिवसांत माझ्यासारखी कोणीतरी येऊन बसते. स्मरणशक्तीच्या तपासणीत तीन शब्द सांगून परत म्हणायला लावतात, सॉक, ब्लू आणि बेड, मग वर्ष, महिना, वार विचारतात आणि थोड्या वेळाने तेच तीन शब्द पुन्हा. ठाण्याहून आलेल्या, आयुष्यभर मराठीत बोललेल्या बाईला हे इंग्रजीत भराभर विचारलं तर १५ पैकी ५ मार्क पडतात आणि फाइलवर बुद्धी मंदावल्याचा शिक्का बसतो. त्याचा परिणाम दराच्या एका भागावर होतोच, पण पुढे 'यांना शिकवलेलं लक्षात राहत नाही, थेरपीचा उपयोग नाही' असं लिहायला तो आधार होतो. फॉर्ममधेच प्रश्न आहे की पेशंटची भाषा कोणती आणि दुभाषा हवा का. तिथे 'हो, मराठी' लिहून घ्या, फोनवरचा दुभाषा देणं त्यांचं काम आहे, पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत.

दुसरं, उठणं-बसणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, संडासला जाणं, या प्रत्येक कामाला १ ते ६ मार्क असतात, ६ म्हणजे स्वतःचं स्वतः, १ म्हणजे सगळं दुसऱ्याने करायचं. आणि आपल्या आया काय करतात? नर्सने विचारलं दुखतंय का, तर 'नाही, बरं आहे' म्हणतात कारण तिला त्रास द्यायचा नाही, लेक आणि सून बाजूला उभे राहून 'शी इज डूइंग व्हेरी वेल' म्हणतात कारण कौतुक करायची सवय. तेच चार्टमधे जातं. दोन-तीन वेळा मी स्वतः घरच्यांना बाहेर नेऊन सांगितलंय की कौतुक घरी करा, इथे खरं सांगा.

अपीलमधे काय बोलायचं? 'आम्हाला १०० दिवस मिळतात' असं अजिबात म्हणू नका, त्याला उत्तर तयार आहे. तीन गोष्टी सांगा. पडायच्या आधी आई काय काय करत होत्या, म्हणजे जिना चढत होत्या, अंघोळ स्वतः करत होत्या, स्वयंपाक करत होत्या. आज काय जमत नाही, नेमकं, म्हणजे कमोडवरून उठायला एका माणसाचा आधार लागतो, वॉकरवर किती पावलं जमतात. आणि घरी काय परिस्थिती आहे, बेडरूम वर आहे का, दिवसभर घरात कोण असतं. थेरपीच्या रोजच्या नोंदी मागून घ्या, त्यात आठवड्याआठवड्याला सुधारणा दिसत असेल तर तो तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. आणि त्यांनी 'सुधारणा थांबली' असं कारण दिलं असेल तर जिमो केसचं नाव घ्या. २०१३ च्या त्या तडजोडीनंतर सरकारने स्पष्ट केलंय की सुधारणा होत नाही एवढ्यावरून कव्हरेज नाकारता येत नाही, आहे ती स्थिती टिकवायला किंवा ढासळू न द्यायला कुशल माणूस लागत असेल तरी ते कव्हर होतं. हा मुद्दा बोलला की फोनवरच्या माणसाचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

अपील जिंकलात तर थोडे दिवस मिळतील, कायमचा प्रश्न सुटणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुमचा खरा प्रश्न तो आहे: थेरपी संपल्यावर आईंचं रोजचं करणार कोण आणि त्याचे पैसे कोण देणार. नुसता सांभाळ, म्हणजे अंघोळ, कपडे, भरवणं, यासाठी मेडिकेअर नर्सिंग होमला एक डॉलरही देत नाही. तिथून पुढे तीनच खिसे उरतात, तुमचा, लाँग टर्म केअर पॉलिसी असली तर ती, आणि मेडिकेड. अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या निम्म्याहून जास्त माणसांचा खर्च मेडिकेडच उचलतं, कारण वर्षाला लाख डॉलरच्या वर खर्च कुठल्याच मध्यमवर्गीय घराला फार काळ झेपत नाही.

मेडिकेड केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, न्यू जर्सीत सर्वसाधारण खर्चाचे निम्मे पैसे केंद्र देतं. नर्सिंग होमचा रोजचा दर राज्य ठरवतं आणि तो मेडिकेअरपेक्षा बराच कमी असतो, म्हणून रिहॅबच्या पेशंटला गालिचा अंथरतात आणि मेडिकेडवाल्याला 'बेड नाही' म्हणतात. इथे २०१४ पासून हे पैसे थेट राज्याकडून नाही तर एमएलटीएसएस नावाच्या योजनेतून इन्शुरन्स कंपन्यांमार्फत जातात. पेशंटचं स्वतःचं जे उत्पन्न असेल, पेन्शन वगैरे, ते जवळजवळ सगळं आधी नर्सिंग होमला द्यायचं, हातखर्चाला थोडं ठेवायचं, केंद्राच्या नियमाने किमान महिना ३० डॉलर, आणि उरलेलं मेडिकेड भरतं. आईंच्या नावावर मोजता येणारी मालमत्ता २००० डॉलरच्या आत हवी. वडील हयात असतील आणि घरी राहत असतील तर त्यांच्यासाठी वेगळी, बरीच मोठी रक्कम राखता येते, ते तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून इथे थांबते.

आता आपल्या लोकांसाठीच्या तीन अडचणी, ज्या इथल्या सोशल वर्करला सहसा माहीत नसतात.

पहिली, ग्रीन कार्ड. मेडिकेडला साधारण पाच वर्षांची अट आहे, ती तुमच्या आईंची पूर्ण झालीय. पण तुम्ही त्यांना स्पॉन्सर करताना आय-८६४ वर, म्हणजे त्यांच्या खर्चाच्या हमीपत्रावर, सही केलीत ना, त्या सहीमुळे तुमचं उत्पन्न त्यांचं धरता येतं आणि दिलेले पैसे तुमच्याकडे मागायचा अधिकारही सरकारला आहे. राज्याराज्यात हे किती कडक लावतात यात फरक पडतो. आई नागरिक झाल्या की ती सही संपते. त्यामुळे इमिग्रेशन आणि एल्डर लॉ (वयस्कर लोकांचे कायदे) दोन्ही कळणाऱ्या वकिलाकडे एकदा जाच, इथे तासाचे पैसे वाचवू नका. इंग्रजी परीक्षेची भीती असेल तर खऱ्या आजारपणात डॉक्टरच्या एन-६४८ फॉर्मवर सूट मागता येते.

दुसरी, भारतातली मालमत्ता. डोंबिवलीचा फ्लॅट, सहकारी बँकेतली एफडी, लॉकरमधलं सोनं, सगळं अर्जात सांगावं लागतं आणि विकता येण्यासारखं असेल तर मोजलं जातं. मागच्या ६० महिन्यांचे व्यवहार तपासतात, त्यात दोन वर्षांपूर्वी आईंनी तुमच्या धाकट्या भावाला बक्षीसपत्र करून फ्लॅट दिला असेल तर तोही आला. दिलेल्या किमतीला राज्याच्या रोजच्या सरासरी दराने भागतात आणि तितके दिवस मेडिकेड पैसे देत नाही. समजा फ्लॅट ८० हजार डॉलरचा आणि दर ४०० धरला, तर २०० दिवसांचं बिल तुमच्यावर. 'इथे कोणाला कळणार' असं सांगणारे शेजारी भेटतील, त्यांचं ऐकू नका, खोटी माहिती दिली तर प्रकरण आईंच्या ग्रीन कार्डापर्यंत जाऊ शकतं.

तिसरी, सही. ॲडमिशनच्या कागदांच्या गठ्ठ्यात 'रिस्पॉन्सिबल पार्टी' म्हणून मुलाची सही घेतात. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने नर्सिंग होमला घरच्यांकडून बिलाची वैयक्तिक हमी मागायला बंदी आहे, मेडिकेडचा अर्ज करणार नाही असं लिहून घ्यायलाही बंदी आहे. सही करायचीच तर आईंच्या वतीने, पॉवर ऑफ ॲटर्नी म्हणून करा, स्वतःच्या नावाने नको. आधी केली असेल तर कागदाची प्रत मागा आणि तो वकिलाला दाखवा.

माझं मत विचाराल तर खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर ७८ वर्षांची बाई, आधी चालतीफिरती असेल तर, बहुतेक वेळा घरी येऊ शकते आणि यावी. नर्सिंग होममधे भात-आमटी मिळत नाही, बोलायला कोणी नसतं, आणि पडून राहिलं की पाय जातात. घरी आल्यावर, घराबाहेर पडणं अवघड आहे तोवर, मेडिकेअर घरी येणाऱ्या फिजिओचे आणि नर्सचे पैसे देतं आणि त्याला तुमचा वाटा नसतो. मेडिकेड मिळालं तर एमएलटीएसएसमधून घरी मदतनीस मिळतो, न्यू जर्सीत नातेवाइकाला पगार देऊन ते काम करू देणारी पर्सनल प्रेफरन्स योजनाही आहे, आणि एडिसन भागात भारतीय जेवण देणारी मेडिकल डे केअर सेंटर्स आहेत जिथे दिवसभर माणसांत राहता येतं. भारतात परत न्यायचा विचार असेल तर तिथे मेडिकेअर लागू नाही, पण बाई ठेवून चांगला सांभाळ होतो, तो प्रत्येक घराचा निर्णय.

मेडिकेडचा अर्ज काउंटीच्या बोर्ड ऑफ सोशल सर्व्हिसेसकडे जातो आणि कागद गोळा करण्यातच महिने जातात, म्हणून अपीलच्या निकालाची वाट न बघता बँक स्टेटमेंटं मागवायला याच आठवड्यात सुरुवात करा, भारतातल्या बँकेची पण. आणि कार्ड कोणतं आहे आणि नोटिशीवर कारण काय लिहिलंय ते इथे टाका, नाव-नंबर झाकून. अपीलच्या फोनवर काय बोलायचं त्याचे मुद्दे मी गुरुवार सकाळच्या आत लिहून देते.